झाड माजतं, पण फुलत नाही तेव्हा

हिरवंगार, तजेलदार, चारी बाजूंनी पसरलेलं झाड, आणि त्यावर कळीचा मागमूस नाही. अशा झाडाला माळी 'माजलेलं' म्हणतात, आणि अर्धं निदान त्या एका शब्दातच होऊन जातं. झाडाला पोटभर मिळतंय, पानं वाढवण्यात त्याचं छान चाललंय, फुलायची निकडच नाही. तरीही बहुतेक जण पहिला उपाय म्हणून त्याला आणखी खत घालतात. वर्षानुवर्षं न फुललेल्या झाडांच्या बाबतीत खत कमी पडल्याचं क्वचितच आढळतं. ऊन, वय, चुकीच्या वेळी केलेली छाटणी, रात्रीचा दिवा आणि जास्त झालेलं नत्र (नायट्रोजन) ही खरी कारणं असतात.

म्हणून हातातलं खत बाजूला ठेवा आणि आधी एक प्रश्न विचारा: कळी येतच नाही, की येते आणि गळून जाते? हे दोन वेगळे आजार आहेत. येतच नसेल तर दोष प्रकाशात, वयात, छाटणीत किंवा आहारात आहे. येऊन गळत असेल तर झाडाची फुलायची तयारी पूर्ण आहे. तिथे कीड, पाण्याची ओढाताण किंवा हवेतला बदल आड येतो. पहिल्या आजारावरची औषधं दुसऱ्याला दिली तर असलेल्या कळ्याही जातात.

झाड वयात आलंय का?

बियांपासून वाढलेल्या झाडाला बालपण असतं. त्या काळात काहीही केलं तरी ते फुलत नाही. बियांचा सोनचाफा फुलायला सात-आठ वर्षं सहज घेतो, तर कलमी रोप एक-दोन वर्षांत फुलतं. बियांच्या विस्टेरियाला दहा-पंधरा वर्षं लागू शकतात. अ‍ॅमरिलिस लिली बियांपासून तीन-चार वर्षांनी फुलते, स्ट्रेलिट्झिया त्याहूनही उशिरा. कलमाची किंवा छाटाची फांदी वयात आलेल्या झाडाची असते, म्हणून तिला हे बालपण पुन्हा काढावं लागत नाही.

रोप कलमी आहे का, हे खोडाकडे पाहून कळतं. जमिनीपासून वीतभर किंवा हातभर उंचीपर्यंत कुठेतरी गाठ, तिरपा व्रण किंवा सालीच्या रंगातला बदल दिसतो. तो दिसला तर आणखी एक गोष्ट तपासा: सध्या वाढतंय ते कलम आहे की खालचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते मुळाकडचं झाड? गुलाबात हे वरचेवर घडतं. वरचं कलम कमजोर होतं किंवा मरतं, खुंटाचे फुटवे जोमाने वर येतात, आणि आपण दोन वर्षं भलत्याच झाडाला पाणी घालत राहतो. जोडाच्या खालून निघालेला, वेगळ्या पानांचा, वेगळ्या काट्यांचा, सरळसोट लांब फुटवा म्हणजे खुंट. तो वरून कापला तर दुप्पट जोराने फुटतो. माती बाजूला करून जिथून निघालाय तिथून ओढून उपटायचा.

ब्रह्मकमळाचं वेगळंच. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड असतं. कोवळा तुकडा लावला तर बराच काळ नुसता वाढतो. जुन्या, फुलून गेलेल्या झाडाचा पक्का तुकडा लावला तर दोन-तीन वर्षांत कळी धरतो. त्याला मोठ्या कुंडीत हलवायची घाई करू नका, मुळांनी भरलेल्या कुंडीतच ते फुलायला राजी असतं.

ऊन मोजा, अंदाज करू नका

'भरपूर उजेड येतो' हे उत्तर चालत नाही. उजेड आणि ऊन वेगळं. गुलाब, मोगरा, बोगनवेल, जास्वंद, मधुमालती, चाफा या सगळ्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. बोगनवेलीला आठ मिळालं तर उत्तम. निरभ्र दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला झाडाच्या पानांवर हात धरून सावली पाहा. सावलीची कड स्पष्ट असेल तर तो तास मोजायचा, पुसट असेल तर नाही. तीन महिन्यांनी हेच पुन्हा करा, कारण सूर्याची वाट ऋतूप्रमाणे सरकते. उन्हाळ्यात उन्हात असलेली गॅलरी हिवाळ्यात पूर्ण सावलीत जाऊ शकते. जमिनीत लावलेल्या झाडाबाबत शेजारचं झाड किंवा भिंत आठवून पाहा. पाच वर्षांपूर्वी फुलणारं झाड आता का फुलत नाही, याचं उत्तर अनेकदा शेजारच्या वाढलेल्या झाडात मिळतं.

ऊन कमी पडल्याची खूण फांदीवरच असते. दोन पेरांमधलं अंतर वाढतं, पानं मोठी आणि पातळ होतात, फांद्या एका बाजूला झुकतात. कुंडी उन्हात हलवणार असाल तर एकदम दुपारच्या उन्हात नेऊ नका. आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने, सकाळच्या उन्हापासून सुरुवात करत सरकवा. नाहीतर सावलीत वाढलेली पानं भाजून पांढरट पडतात.

याला अपवाद आहेत. ब्रह्मकमळ, क्लिविया आणि पीस लिली यांना दुपारचं थेट ऊन सोसत नाही. त्यांना सकाळचं कोवळं ऊन किंवा गाळून आलेला उजेड पुरतो. पण अंधाऱ्या कोपऱ्यात तीही फुलत नाहीत, फक्त तग धरतात.

नत्र

युरियात ४६ टक्के नत्र असतं. हिरवळीला घातलेलं नत्रयुक्त खत पाण्याबरोबर शेजारच्या गुलाबाच्या मुळांशी पोचतं आणि गुलाब माजतो. कुंडीत दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियम, याच क्रमाने टक्के) देत राहिलं तरी तेच होतं. खूण अशी: पानं गर्द हिरवी, मोठी, मऊ, फुटवे रसरशीत आणि शेंड्याला कळीऐवजी पुन्हा पानंच. अशा मऊ फुटव्यांवर मावाही लवकर बसतो.

उपाय सोपा आहे, फक्त हात आवरावा लागतो. सहा ते आठ आठवडे नत्राचं कोणतंही खत बंद. शेणखत, गांडूळखत, पेंड, सगळं. कुंडी असेल तर एकदा तिच्या आकारमानाच्या दोन-तीनपट पाणी हळूहळू घालून खालून निथळू द्या, म्हणजे साठलेले क्षार वाहून जातील. त्यानंतर पालाश द्यायचं: ०:०:५० हे विद्राव्य खत लिटरला १ ते २ ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा, आधी साध्या पाण्याने माती ओली करून. लाकडाची राख घालायची असेल तर १२ इंची कुंडीला एक मूठ, तीही वर्षातून एक-दोनदाच. राख अल्कधर्मी असते. अनंत, अझेलिया यांसारख्या आम्लधर्मी माती लागणाऱ्या झाडांना ती मुळीच नको.

'फुलांचं खत' म्हणून ०:५२:३४ सर्रास दिलं जातं. त्याने फुलं येतात असा अनुभव सांगितला जातो, तो खोटा नाही. पण त्याचं मोठं श्रेय स्फुरदापेक्षा त्यात नत्र नसण्याला जातं. बागेच्या मातीत स्फुरद सहसा कमी नसतं, आणि ते मातीत साठून राहतं. जास्त झालं की लोह आणि जस्त झाडाला घेता येत नाही, शेंड्याची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जास्वंद याबाबतीत फारच हळवी आहे. हाडांच्या चुऱ्याचंही तसंच. तो आम्लधर्मी मातीत विरघळतो, चुनखडीच्या मातीत वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर लिटरला २ ग्रॅम घालून फवारायला हरकत नाही. फुलं आणायचं औषध ते नाही.

पाण्याचा ताण

बहार धरण्यासाठी बागेला ताण देण्याची रीत फळबागा लावणाऱ्यांना नवी नाही. तीच युक्ती काही फुलझाडांवरही चालते. पाणी तोडलं की शेंड्याची वाढ थांबते, पानांत तयार होणारं अन्न नव्या पानांवर खर्च न होता फांदीत साठतं, आणि पाणी परत मिळालं की त्या साठ्यावर कळ्या फुटतात.

ताण कोणाला द्यायचा हे आधी बघा. मोगरा, बोगनवेल, मधुमालती, अडेनियम यांना चालतो. अनंत, हायड्रेंजिया, गुलाब, जास्वंद यांना नाही. वर्षभरापेक्षा नव्या रोपाला, नुकतीच कुंडी बदललेल्या झाडाला आणि कीड लागलेल्या झाडाला ताण देणं म्हणजे मारणंच.

बोगनवेलीचं तंत्र असं. कुंडी शक्यतो लहान ठेवा, मुळं दाटलेली असू द्या. पाणी तोडा. पानं मलूल होऊन खाली झुकली की नेहमीच्या अर्धंच पाणी द्या. पुन्हा मलूल होईपर्यंत थांबा. असं तीन-चार आठवडे चालवा. काही पानं पिवळी होऊन गळतील, त्याने घाबरू नका. पानाच्या बगलेत, जिथे एरवी काटा येतो तिथे, बारीक रंगीत टोकं दिसू लागली की पाणी नेहमीसारखं करा. बोगनवेलीत काटा आणि फुलांचा घोस एकाच जागेवरच्या अंकुरातून घडतात. वाढ जोरात असेल तर त्या अंकुराचा काटा होतो, वाढ आवरली की घोस. नुसते लांबलचक काटेरी फुटवे निघत असतील तर तुमचं पाणी आणि नत्र जास्त झालंय, हे वेल स्वतःच सांगतेय. दिवस लहान झाल्यावर ती अधिक सहज फुलते, म्हणून ताण त्याच सुमारास दिलेला बरा. कुंडी बदलताना मुळांचा गोळा फोडू नका. या वेलीच्या मुळ्या नाजूक असतात आणि एकदा दुखावल्या की ती बरेच दिवस रुसते.

छाटणी: कळी कोणत्या फांदीवर येते?

छाटणीचे सगळे घोळ या एका प्रश्नाशी येऊन थांबतात. काही झाडं या हंगामात फुटलेल्या नव्या फांदीवर फुलतात: मोगरा, जास्वंद, बोगनवेल, मधुमालती, कृष्णकमळ, आजचे बहुतेक वारंवार फुलणारे गुलाब. यांना छाटलं नाही तर फुलं कमी होत जातात. काही झाडं मागच्या हंगामात पिकलेल्या फांदीवर फुलतात: मोठ्या गोल गुच्छांचं हायड्रेंजिया, विस्टेरिया, लायलॅक, वर्षातून एकदाच फुलणारे जुने वेलगुलाब. यांच्या कळ्या आदल्या वर्षीच तयार होऊन डोळ्यांत, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या अंकुरांत, बसलेल्या असतात. थंडीत 'साफसफाई' म्हणून कात्री चालवली की पुढच्या वर्षीची सगळी फुलं कचऱ्यात जातात, आणि झाड मात्र पुढे पानांनी सुंदर भरतं. अशा झाडांची छाटणी फुलं ओसरल्यावर लगेच, दोन-तीन आठवड्यांच्या आत उरकायची.

झाड कोणत्या गटातलं हे माहीत नसेल तर एक वर्ष कात्री लावू नका. कळी हिरव्या कोवळ्या फांदीवर येते की खरखरीत जुन्या, हे पाहून ठेवा.

चाफ्याला (सोनचाफा नव्हे, पांढऱ्या-लाल फुलांचा साधा चाफा) या दोन्ही नियमांत बसवणं कठीण. त्याचा तुरा फांदीच्या टोकाला येतो, आणि तुरा आला की तिथून नव्या फांद्या फुटतात. टोकं छाटली तर त्या फांद्यांवर तुरा यायला एखादं वर्ष जातं. चाफ्याला आकार देण्याचा मोह टाळलेला बरा.

मोगरा मात्र कात्रीशिवाय फुलत नाही म्हटलं तरी चालेल, आणि 'पानं छान, फूल एकही नाही' ही तक्रारही सर्वांत जास्त त्याचीच. थंडी ओसरायच्या सुमारास, नवे फुटवे यायच्या आधी, हे करा:

१. पाणी तोडा. कुंडीत आठ-दहा दिवस, जमिनीत दोन-तीन आठवडे. पानं किंचित झुकली पाहिजेत, फांद्या सुकता कामा नयेत.

२. वाळक्या, किडक्या, आत घुसलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडापासून काढा. उरलेल्या फांद्या निम्म्यावर आणा. जमिनीतलं झाड दीड फूट उंचीवर आणायला हरकत नाही. काप पेराच्या जरा वर घ्या.

३. राहिलेली सगळी पानं हाताने काढून टाका. हे करताना मन धजत नाही, आणि नेमकी हीच पायरी वगळली जाते. जुनी पानं ठेवली तर फुटवे थोडे आणि मागेपुढे येतात. सगळी काढली तर सगळे डोळे एकदम जागे होतात.

४. वरची दोन इंच माती मुळं न दुखवता खरवडा आणि तिथे चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घाला. १२ इंची कुंडीला तीन-चार मुठी पुरतं. या टप्प्यावर थोडं नत्र हवंच असतं, फुटव्यांसाठी.

५. भरपूर पाणी द्या आणि झाड पूर्ण उन्हात ठेवा. दहा-पंधरा दिवसांत फुटवे दिसतात, पाच-सहा आठवड्यांत टोकाशी कळ्या.

६. पहिला बहर ओसरला की प्रत्येक तुऱ्याखालच्या दोन पानांच्या जोड्यांसकट टोक छाटा. पुढचा बहर त्या छाटाखालून येतो. हे दर बहरानंतर करायचं.

छाटणीनंतरही वेलीसारखे लांब, कळीविना फुटवे आले तर पुन्हा छाटण्यात अर्थ नाही. उन्हाचा हिशेब चुकलाय. कुंडी हलवा.

गुलाबात 'वांझ फुटवा' हा प्रकार असतो. फुटवा वाढतो, पण टोकाला कळीऐवजी सुकलेलं बारीक टोक राहतं. कमी ऊन, थंड रात्री किंवा कोवळ्या कळीवर फुलकिड्यांनी मारलेला डल्ला, ही याची कारणं. तो फुटवा निम्म्यावर, पाच पर्णिका असलेल्या पानाच्या वर कापा. खालचा डोळा फुटून बहुधा कळी देतो. वार्षिक छाटणीत चार-पाच जोमदार काठ्या ठेवायच्या, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरपा काप घ्यायचा. त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत फूल दिसतं. वाळलेलं फूल झाडावर राहू दिलं तर फळ धरतं आणि झाड पुढच्या कळ्यांचा विचार सोडून देतं, म्हणून उमललेली फुलं वेळच्या वेळी काढा.

वेलगुलाबाच्या फांद्या सरळ वर गेल्या तर फक्त टोकाला फुलतात, कारण शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. त्याच फांद्या आडव्या वाकवून बांधल्या की प्रत्येक डोळ्यातून छोटी फांदी निघते आणि तिच्यावर फूल येतं. नुसती सुतळी लागते. मधुमालतीवरही करून पाहावं असं आहे.

विस्टेरिया जुन्या फांदीवर फुलत असला तरी वरच्या छाटणीच्या नियमाला अपवाद आहे, त्याची छाटणी वर्षातून दोनदा होते. उन्हाळ्यात लांब शेपट्या पाच-सहा पानांवर आणायच्या आणि थंडीत त्याच फांद्या दोन-तीन डोळ्यांवर. त्या आखूड बुंध्यांवर फुलांचे डोळे धरतात.

रात्रीचा उजेड

शेवंती, पॉइन्सेटिया, कलांचो आणि ख्रिसमस कॅक्टस ही झाडं रात्रीची लांबी मोजतात. १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका जातीवर काम करताना दाखवून दिलं की फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून कळलं की झाड खरं तर सलग अंधार मोजतं. रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी हिशेब मोडतो. गॅलरीतला दिवा, रस्त्यावरचा खांब, खिडकीतून येणारा दिवाणखान्याचा उजेड, यातलं काहीही पुरतं. एकाच वाफ्यातली खांबाजवळची शेवंती हिरवी आणि दूरची फुललेली दिसली तर कारण शोधत बसायची गरज नाही.

कलांचोला सलग १४ तास अंधार, सुमारे सहा आठवडे. पॉइन्सेटियाला १४ तास, आठ ते दहा आठवडे, वरची पानं पूर्ण रंगेपर्यंत. शेवंतीला साधारण १२ तासांपेक्षा लांब रात्री पुरतात, आणि जातीप्रमाणे त्यानंतर सात ते बारा आठवड्यांत ती फुलते. संध्याकाळी पाचला झाडावर पुठ्ठ्याचा मोठा खोका किंवा काळ्या कापडाचा दुहेरी पडदा घाला, सकाळी सातला काढा. दिवसा पूर्ण ऊन मिळालंच पाहिजे, नाहीतर झाड अशक्त होतं. खोक्याच्या फटीतून उजेड येतोय का, हे आत डोकं घालून एकदा तपासा. मध्ये एखाद-दुसरी रात्र चुकली तर कळी लांबते. आठवड्यातून दोनदा चुकली तर येतच नाही.

शेवंतीचे शेंडे खुडून ती डेरेदार करतात. रात्री लांबायला लागल्यावर खुडणं थांबवा, नाहीतर खुडलेल्या शेंड्याबरोबर कळीही जाते. ख्रिसमस कॅक्टसला लांब रात्रींइतकाच गारवा महत्त्वाचा. रात्रीचं तापमान १० ते १३ अंश सेल्सिअसपर्यंत खाली आलं तर तो दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करत नाही.

थंडी मागणारी झाडं

पिओनी, लायलॅक, ट्युलिप यांना कडक थंडीचे काही आठवडे लागतात, तेव्हाच डोळ्यातली कळी जागी होते. जिथे ती थंडी नाही तिथे पिओनी आणि लायलॅकच्या मागे लागू नये, दुसरं झाड लावावं. ट्युलिपचे कंद लावण्याआधी १२ ते १४ आठवडे फ्रिजमध्ये ४ ते ७ अंशांवर कागदी पिशवीत ठेवून ती गरज भागवता येते. त्याच कप्प्यात सफरचंद किंवा पिकणारी फळं नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीनने कंदातली कळी आतच मरते.

थंड प्रदेशातही पिओनी न फुलण्याचं नेहमीचं कारण म्हणजे खोल लावणं. तिचे डोळे मातीखाली एक ते दोन इंचच असावेत. तीन-चार इंच खोल गेले की पानं येतात, फुलं नाहीत.

कंद आणि गड्डे

खोलीचा हाच नियम इतरत्रही पाहा. बेअर्डेड आयरिसचा गड्डा मातीवर उघडा, ऊन लागेल असा हवा. अ‍ॅमरिलिस लिलीच्या कंदाचा वरचा तिसरा भाग मातीबाहेर. निशिगंधाचा कंद दोन इंच खोल, आणि दीड सेंटिमीटरपेक्षा बारीक कंदाकडून पहिल्या वर्षी फुलाची अपेक्षा नको.

निशिगंध आणि आयरिस दाटले की फुलायचे थांबतात. दोन-तीन वर्षांनी निशिगंधाचा आणि तीन-चार वर्षांनी आयरिसचा गड्डा उकरून वेगळा करा, मोठे कंद पुन्हा लावा, बारीक पिलं वेगळ्या वाफ्यात वाढवा. याउलट क्लिविया, अगापँथस आणि स्ट्रेलिट्झिया यांना दाटी आवडते. त्यांना विभागलं की वर्ष-दोन वर्षं फुलांविना जातात. छोट्या रेन लिलीही दाटलेल्या कुंडीत जास्त फुलतात. त्यांना कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं की थोड्याच दिवसांत कळ्या वर येतात.

अ‍ॅमरिलिस लिली पहिल्या वर्षी फुलते आणि नंतर नुसती पानं देते, कारण फूल गेल्यावर पानंही कापली जातात किंवा कुंडी कोपऱ्यात जाते. या कंदात साधारण दर चार पानांमागे एक फुलाचा दांडा आत तयार होतो. म्हणून फूल वाळल्यावर फक्त दांडा कापा. पानांना पुढचे तीन-चार महिने पूर्ण ऊन आणि पंधरवड्याला सौम्य खत द्या. मग पाणी बंद करून पानं आपोआप पिवळी होऊ द्या आणि कुंडी आठ ते दहा आठवडे कोरड्या, गार जागी आडवी ठेवा. त्यानंतर वरची माती बदलून एकदा पाणी द्या. कोंब दिसेपर्यंत दुसरं पाणी नको, कंद कुजतो. हिरव्या पानांची वेणी घालणं किंवा गाठ मारणं हेही कापण्याइतकंच वाईट. पान झाकलं की कंदाचं जेवण बंद.

कळ्या येतात आणि गळतात

गळालेली कळी उचला आणि नखाने उभी चिरा. जास्वंदीच्या किंवा मोगऱ्याच्या कळीत दोन मिलिमीटरच्या पांढुरक्या-पिवळ्या अळ्या वळवळताना, क्वचित उडी मारताना दिसल्या तर ती कळीतली मिज माशी. मोगऱ्याची अशी कळी फुगते, जांभळट पडते आणि उमलण्याआधी वाळते. अळी कळीबरोबर जमिनीवर येते आणि मातीत कोष करते. म्हणून वर फवारणी करत राहून खाली पडलेल्या कळ्या तशाच सोडल्या तर काही उपयोग नाही. रोज पडलेल्या आणि झाडावरच्या पिवळ्या पडू लागलेल्या कळ्या गोळा करून पिशवीत घट्ट बांधा, उन्हात ठेवा, मग टाका. कंपोस्टमध्ये नको. कुंडीच्या मातीवर कापड किंवा प्लॅस्टिक पसरा. हे तीन-चार आठवडे न चुकता करा, म्हणजे पिढीची साखळी तुटते.

कळी आतून स्वच्छ असेल तर दुसरी कळी पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, पिवळसर, काडीसारखे किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. देठाशी कापसासारखा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण. दोन्हींसाठी लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुलिंबाचं तेल आणि १ ते २ मिलिलिटर द्रव साबण एकत्र करून संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारा. उमललेल्या फुलांवर मारू नका, मधमाश्या येतात.

कीड अजिबात नसेल तर पाणी. कुंडी एकदा कडकडीत वाळणं आणि नंतर चिंब होणं, हा झोका जास्वंदीला आणि अनंताला सहन होत नाही. बोट दोन इंच आत घालून पाहा, तिथे ओल संपत आली की पाणी द्या. कळ्या धरल्यावर कुंडी हलवू नका, फिरवू नका. ब्रह्मकमळ आणि ख्रिसमस कॅक्टस तेवढ्यानेही कळ्या टाकतात. अनंताला रात्री साधारण १५ ते १८ अंशांचा गारवा आणि ५ ते ६ सामूची (pH, म्हणजे आम्लधर्मी) माती हवी. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर आधी चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) द्या, फुलांचं नंतर बघा.

मुळं कापणं

जमिनीतलं पूर्ण वाढलेलं, उन्हातलं, योग्य छाटलेलं झाड तीन-चार वर्षं तरीही फुलत नसेल तर हा शेवटचा उपाय. विस्टेरिया आणि जुन्या बोगनवेलीवर लागू पडतो. खोडापासून दोन फुटांवर, वर्तुळाच्या फक्त अर्ध्या भागात, धारदार कुदळीने किंवा फावड्याने फूटभर खोल सरळ काप घ्या. मुळं ओढू नका, कापा. उरलेला अर्धा भाग पुढच्या वर्षीसाठी ठेवा. हे झाड विश्रांतीत असताना करायचं, त्या हंगामात खत नाही, आणि नव्या वाढीच्या काळात पाणी कमी पडू द्यायचं नाही. भिंतीजवळच्या झाडाला जोराच्या वाऱ्याआधी आधाराला बांधून घ्या, कारण एका बाजूची पकड काही महिने सैल असते.

एका हंगामात एकच बदल करा. ऊन, खत, छाटणी आणि मुळं एकदम बदलली आणि झाड फुललं, तर पुढच्या वर्षी नेमकं काय करायचं ते तुम्हाला कळणार नाही. कुंडीवर कायमच्या शाईने तारीख आणि केलेला बदल लिहून ठेवा. कागदी चिठ्ठी पहिल्या पाण्यातच जाते.